युतीने युद्ध टळेल, पण शांतता नांदेल का?

प्रश्न असा आहे: नाटोमुळे युरोपात पंचाहत्तर वर्षे शांतता टिकली, मग पश्चिम आशियात किंवा आग्नेय आशियात तशीच भक्कम लष्करी युती उभी केली तर तिथेही कायमची शांतता का येणार नाही?

आधी प्रश्नातले गृहीतक जरा तपासून घेऊ. युरोपात शांतता होती, हे अर्धेच खरे. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया रक्तबंबाळ होऊन फुटला आणि २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने सर्व ताकदीनिशी चाल केली. खरे आहे ते एवढेच, की नाटोच्या सदस्य देशांच्या युरोपातल्या भूमीवर कुणी फौजा घुसवल्या नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेले फ्रान्स आणि जर्मनी यांसारखे देश पुन्हा आपसांत लढले नाहीत. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लोक पहिलीबद्दल भरभरून बोलतात, दुसरी गृहीत धरतात. फौजेत असताना मी संयुक्त सरावांच्या नियोजनात होतो आणि नंतर बरीच वर्षे सामरिकशास्त्र शिकवले. या दोन्ही कामांतून माझे मत नेमके उलटे बनले. बाहेरच्या शत्रूला जरब बसवून युती फक्त वेळ मिळवून देते. टिकाऊ शांततेला तिचा हातभार लागतो तो आतून, सदस्यांच्या आपसांतल्या व्यवहारातून.

तरी जरबेपासूनच सुरुवात करू, कारण ती नसेल तर पुढचे काहीच घडत नाही.

नाटोचा करार ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी केला. त्याचे कलम ५ सांगते की एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल. पुढचे वाक्य मात्र फारसे कुणी वाचत नाही: प्रत्येक सदस्य ‘स्वतःला आवश्यक वाटेल ती’ कारवाई करील. म्हणजे मदतीला धावून जाणे सक्तीचे आहे, पण रणगाडे पाठवायचे की नुसता निषेध, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ते कलम आजवर एकदाच लागू झाले, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, आणि तेही अमेरिकेच्या बाजूने. करार करणाऱ्या बारा जणांपैकी कुणाच्या स्वप्नातही हे आले नसेल.

मग असा सैल शब्दांचा करार शत्रूला का थोपवतो? कारण समोरचा योजना-अधिकारी कलमे वाचत बसत नाही, तैनाती बघतो. शीतयुद्धात पश्चिम बर्लिनमधली मित्रराष्ट्रांची शिबंदी काही हजारांचीच होती. सोव्हिएत फौजेपुढे ती टिकणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. पण तिला हात लावायचा तर अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिकांचे रक्त सांडावे लागणार, हेही दोन्ही बाजूंना ठाऊक होते. २०१७ मध्ये एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया आणि पोलंडमध्ये नाटोने बहुराष्ट्रीय दले ठेवली ती याच हिशेबाने. त्या हिशेबातही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी फार जड असतात. बाल्टिक देशांतल्या जुन्या रेल्वेमार्गांच्या रुळांमधले अंतर आजही १५२० मिलिमीटर आहे आणि पोलंडमध्ये ते १४३५. म्हणजे पश्चिमेकडून आलेले चिलखती वाहन सीमेवर एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचे. पुलांची भारक्षमता, बंदरातल्या क्रेन, सीमेवरची परवान्यांची कागदपत्रे, इंधनाची साठवण यांवर युतीची खरी पत ठरते. शिखर परिषदेतले सामूहिक छायाचित्र पाहून कोणताही सेनापती बेत बदलत नाही.

जरबेची दुसरी बाजू १९१४ ने दाखवली. ती सर्वांना शाळेपासून माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. मात्र ‘युत्यांमुळे पहिले महायुद्ध झाले’ हे वाक्य मला फार ढोबळ वाटते. जुलै १९१४ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया-हंगेरीला बिनशर्त पाठिंब्याची हमी दिली. १८७९ च्या मूळ करारात असा कोरा धनादेश नव्हता. तो करार रशियाच्या हल्ल्यापासून बचावासाठी होता. त्याच गटातला इटली तर आधी तटस्थ राहिला आणि १९१५ मध्ये सरळ विरुद्ध बाजूने उतरला. मोठ्या भागीदाराने धाकट्याला आवरण्याऐवजी मोकळे सोडले, ही खरी चूक. युती करणाऱ्याला नेहमी दोन भीती असतात: वेळेला साथीदार पाठ फिरवील ही एक, आणि साथीदार आपल्याला त्याच्या भांडणात ओढील ही दुसरी. एक कमी करायला जावे तर दुसरी वाढते. १८१५ नंतरच्या करारांच्या मजकुरांची छाननी करणाऱ्या अभ्यासकांना एक फरक स्पष्ट दिसला आहे. केवळ बचावासाठी बांधलेल्या युतीमुळे सदस्यावर हल्ला होण्याची शक्यता कमी होते. आक्रमणात साथ देण्याचे किंवा बाजूला राहण्याचे वचन देणाऱ्या करारांमुळे ती वाढते. २३ ऑगस्ट १९३९ चा जर्मन-सोव्हिएत करार हा दुसऱ्या प्रकारचा ठळक नमुना. त्यानंतर नऊ दिवसांत पोलंडवर हल्ला झाला.

आता आतल्या कामाकडे येतो. इथे जरा रेंगाळणार आहे.

१९५० च्या सुमारास पश्चिम युरोपापुढे दोन प्रश्न होते. सोव्हिएत संघाला रोखायचे तर जर्मन सैन्य हवे, आणि जर्मन सैन्य उभे राहिले तर फ्रान्सची झोप उडणार. आधी एकच युरोपीय सैन्य करण्याचा प्रस्ताव आला. ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रेंच संसदेनेच तो गाडला. मग ऑक्टोबर १९५४ च्या पॅरिस करारांनी वेगळी वाट काढली. पश्चिम जर्मनीला सैन्य ठेवता येईल, नाटोत येता येईल, पण अण्वस्त्रे, जैविक आणि रासायनिक अस्त्रे आपल्या भूमीवर बनवणार नाही असे वचन तिने द्यायचे आणि तिची लढाऊ दले नाटोच्या सेनापतीच्या हाताखाली राहतील. मे १९५५ मध्ये ती सदस्य झाली. फ्रान्सची भीती यामुळे एका रात्रीत गेली नाही. पण जर्मन सैन्याच्या योजना आता ज्या मुख्यालयात आखल्या जात, तिथे फ्रेंच अधिकारीही बसत होते. कुठे किती तुकड्या आहेत, त्या कशासाठी तयार होत आहेत, हे हेरांकडून काढून घ्यायची गरज उरली नाही.

ज्यांनी बहुराष्ट्रीय मुख्यालयाचे काम जवळून पाहिले आहे, त्यांना याचे मोल सांगावे लागत नाही. दोन देशांचे अधिकारी एकाच नकाशावर एकाच शत्रूविरुद्ध योजना आखतात, तेव्हा एकमेकांविरुद्ध गुपचूप तयारी करणे व्यवहारातच कठीण होते. सरावाची सूचना आधी द्यावी लागते, हत्यारांचे सुटे भाग एकमेकांच्या कोठारांतून येतात, पदोन्नतीसाठी दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याचा शेरा लागतो. त्याच सुमारास कोळसा-पोलाद समुदायाने (१९५१) युद्धाचा कच्चा माल सामायिक देखरेखीखाली आणला होता आणि १९६३ च्या एलिझे कराराने फ्रान्स-जर्मनीच्या नेत्यांना ठरावीक काळाने भेटणे बंधनकारक केले. या दोन्हींत नाटोचा थेट हात नव्हता. पण नाटोचे कवच नसते तर फ्रान्सने जर्मन पोलाद उद्योगाला पुन्हा उभे राहू दिले असते का, याची मला दाट शंका आहे.

साथीदाराला आवरण्याचे काम आशियात आणखी उघडपणे झाले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना १९५३ ची शस्त्रसंधी मान्य नव्हती. त्यांना उत्तरेकडे कूच करायचे होते. बोलणी मोडावीत म्हणून जून १९५३ मध्ये त्यांनी २५,००० हून अधिक युद्धकैदी परस्पर सोडून दिले. त्यांना शांत करण्यासाठी अमेरिकेने त्याच वर्षी १ ऑक्टोबरला संरक्षण करार केला. हमी मिळाली, पण त्याबरोबर लगामही आला. मदत फक्त बाहेरून हल्ला झाला तर, आणि दक्षिण कोरियाच्या सैन्याचे संचालन संयुक्त राष्ट्रांच्या नावाने चालणाऱ्या कमांडकडे. डिसेंबर १९५४ मध्ये तैवानच्या च्यांग कै-शेक यांच्याशीही असाच करार झाला आणि जोडपत्रांतून बजावले गेले की मुख्य भूमीवर बळाचा वापर दोघांच्या संमतीनेच होईल. वॉशिंग्टनला पेकिंगच्या साम्यवादी चीनची जेवढी धास्ती होती, जवळजवळ तेवढीच आपल्या या दोन मित्रांच्या धाडसाची होती. १९७० च्या दशकात दक्षिण कोरियाने अण्वस्त्रांच्या दिशेने पाऊल टाकले तेव्हा ते मागे घ्यायला लावणारा दबावही याच युतीतून आला.

पण कोरियात आज काय आहे? सत्तर वर्षांनंतरही तह झालेला नाही, शस्त्रसंधीच आहे. युतीने युद्ध टाळले आणि दक्षिण कोरियाला श्रीमंत लोकशाही होण्याइतका अवधी दिला. सीमेपलीकडचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला. युतीकडून यापेक्षा जास्त मागणे म्हणजे शिपायाकडून न्यायाधीशाचे काम मागणे.

आतल्या कामाचा मला सर्वांत आवडणारा दाखला फारसा कुणाला माहीत नसतो. ट्रान्सिल्व्हेनियावरून हंगेरी आणि रोमानिया यांचे वैर १९२० च्या त्रिआनोंच्या तहापासूनचे. शीतयुद्ध संपले तेव्हा रोमानियात सुमारे १६ लाख हंगेरियन भाषक होते आणि मार्च १९९० मध्ये तिथल्या एका शहरात दोन्ही समाजांत रक्त सांडले होते. शेजारी युगोस्लाव्हिया पेटत होता, तेव्हा पुढचा वणवा इथेच लागेल असे अनेकांना वाटे. १९९५ मध्ये नाटोने विस्ताराच्या अटी लिहून काढल्या: ज्याला आत यायचे आहे त्याने सीमेचे आणि वांशिक तंटे शांततेच्या मार्गाने मिटवावेत. वर्षभरात, सप्टेंबर १९९६ मध्ये, दोन्ही देशांनी करार केला. हंगेरीने सीमा मान्य केली आणि रोमानियाने अल्पसंख्याकांच्या हक्कांची हमी दिली. हंगेरी १९९९ मध्ये नाटोत गेला, रोमानिया २००४ मध्ये. ग्रीस आणि उत्तर मॅसिडोनियाचा नावावरून चाललेला वाद १९९१ पासूनचा. तो जून २०१८ च्या प्रेस्पा करारात सुटला, कारण ग्रीसच्या संमतीवाचून नाटोचे दार उघडणार नव्हते. मार्च २०२० मध्ये उत्तर मॅसिडोनिया आत आला. या दोन्ही ठिकाणी एक गोळी न झाडता युतीने जे साधले ते तिच्या कुठल्याही मोहिमेपेक्षा टिकाऊ आहे, असे मी मानतो. प्रवेशाची अट हे युतीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी चर्चेचे हत्यार आहे.

अट मात्र प्रवेशाआधी घालावी लागते. ग्रीस आणि तुर्कस्तान १९५२ मध्ये काहीही न मिटवता आत आले. १९७४ मध्ये तुर्की फौजा सायप्रसमध्ये उतरल्या, तेव्हा रागावलेल्या ग्रीसने नाटोच्या लष्करी रचनेतून अंग काढून घेतले आणि तो १९८० मध्ये परतला. १९९६ मध्ये एजियन समुद्रातल्या निर्मनुष्य खडकांवरून दोघांच्या युद्धनौका पुन्हा आमनेसामने आल्या. इथे युतीने तंटा सोडवला नाही, पण तो भडकूही दिला नाही. २०२० मध्ये नाटोच्या मुख्यालयातून या दोन सदस्यांसाठी थेट संपर्काची व्यवस्था करावी लागली. दोन्ही मित्र, दोन्हींकडे तीच हत्यारे, आणि दोघांचे वैमानिक मात्र वर्षानुवर्षे एकमेकांचा पाठलाग करत होते.

आता फसलेल्या युत्यांबद्दल. प्रश्न पश्चिम आणि आग्नेय आशियाचा आहे आणि तिथे हा प्रयोग आधीच होऊन गेला आहे, हे बहुतेकांच्या लक्षात नसते. १९५४ च्या मनिला करारातून सिएटो ही आग्नेय आशियासाठीची युती जन्मली. आठ सदस्य, त्यांपैकी आग्नेय आशियातले दोनच: थायलंड आणि फिलिपिन्स. १९५५ च्या बगदाद करारातून पुढे पश्चिम आशियासाठीची सेंटो झाली. ज्या इराकच्या राजधानीचे नाव तिला मिळाले, तोच १९५९ मध्ये बाहेर पडला. सिएटो १९७७ मध्ये विसर्जित झाली, सेंटो १९७९ मध्ये. दोन्ही युत्यांचा शत्रू वॉशिंग्टन आणि लंडनने ठरवला होता. सदस्यांचे शत्रू निराळेच होते. पाकिस्तान दोन्हींत गेला तो भारताकडे डोळा ठेवून, आणि अमेरिकेने करारावर सही करतानाच लिहून ठेवले होते की आपली जबाबदारी साम्यवादी आक्रमणापुरतीच. १९६५ मध्ये युद्ध पेटले तेव्हा अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. पाकिस्तानला विश्वासघात वाटला, आणि साम्यवादाविरुद्ध म्हणून दिलेले रणगाडे आपल्यावर चालून आलेले भारताने पाहिले. म्हणजे युतीने प्रदेशात शस्त्रे ओतली, संशय वाढवला आणि जरबही बसवली नाही.

अगदी अलीकडचा आर्मेनियाचा अनुभवही याच जातीचा. रशियाच्या नेतृत्वाखालच्या सामूहिक सुरक्षा कराराचा तो जुना सदस्य. सप्टेंबर २०२२ मध्ये अझरबैजानने आर्मेनियाच्या हद्दीत हल्ले केले तेव्हा आर्मेनियाने रीतसर मदत मागितली. मदत म्हणून पाहणी करणारे पथक आले. २०२४ मध्ये आर्मेनियाने आपला सहभाग गोठवल्याचे जाहीर केले. मोठ्या भागीदाराला शत्रूशीही संबंध राखायचे असतील तर करारातली कलमे किती बळकट आहेत याला काही अर्थ उरत नाही.

आणखी एक प्रकार असतो, ज्यात युतीची तोफ आतल्या बाजूला वळलेली असते. हंगेरीने नोव्हेंबर १९५६ मध्ये वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीतून, बाहेर पडण्याची घोषणा करताच सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्ट चिरडले. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावर त्याच्याच मित्रराष्ट्रांच्या फौजा गेल्या. अथेन्सच्या नेतृत्वाखालच्या ग्रीक नगरराज्यांच्या संघाचा खजिना इसवी सनपूर्व ४५४ मध्ये अथेन्सला हलवला गेला आणि मित्रांचे मांडलिक झाले. वसईच्या तहातली तैनाती फौज मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नकोच. तीही कागदावर संरक्षणाची हमीच होती आणि पुढच्याच वर्षी तिच्यातून युद्ध निघाले. अशा व्यवस्थेत सीमेवर शांतता दिसते खरी. पण बळ ओसरताच सगळे सदस्य पळत सुटतात, वॉर्सा करारातले १९९१ मध्ये सुटले तसे. म्हणून सदस्याला बाहेर पडता येते का, आणि तो पडला तर काय होते, ही परीक्षा मला महत्त्वाची वाटते. फ्रान्सने १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी रचनेतून अंग काढले, मुख्यालय पॅरिसबाहेर हलवायला लावले; त्यावर कुणी पॅरिसवर चाल केली नाही, आणि २००९ मध्ये तो आपणहून परतला.

युतीमुळे शांततेला होणारी सर्वांत मोठी इजा मात्र तिच्या उंबरठ्यावर होते. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत नाटोने जाहीर केले की युक्रेन आणि जॉर्जिया एके दिवशी सदस्य होतील. कधी ते सांगितले नाही, मधल्या काळासाठी हमीही दिली नाही. हा दोन्हीकडून तोट्याचा सौदा होता: रशियाला चिथावणी मिळाली, पण या देशांना संरक्षण मिळाले नाही. चार महिन्यांत जॉर्जियात युद्ध झाले. युक्रेनच्या हाती तर १९९४ चा बुडापेस्ट समझोताही होता, ज्यात अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात त्याच्या सीमांचा आदर करण्याचे आश्वासन रशियासकट तिघांनी दिले होते. त्यात सहायक फौजेचा शब्दही नव्हता. याने रशियाचे आक्रमण समर्थनीय ठरत नाही. हल्ला करायचा निर्णय मॉस्कोचाच. पण आत घ्यायचे असेल तर घ्यावे, नसेल तर स्पष्ट सांगून दुसरी व्यवस्था उभारावी. फिनलंड आणि स्वीडनच्या बाबतीत हे बरे जमले: मे २०२२ मध्ये अर्ज, फिनलंडचा प्रवेश एप्रिल २०२३ मध्ये, स्वीडनचा मार्च २०२४ मध्ये, आणि मधल्या काळासाठी ब्रिटनसारख्या देशांनी वेगळी आश्वासने दिली.

युतीशिवायही टिकाऊ शांतता येते, हे विसरू नये. अर्जेंटिना आणि ब्राझील १९७० च्या दशकात अणुस्पर्धेच्या वाटेवर होते. १९४७ च्या रिओ करारात दोघेही होते, पण त्याने काही बदलले नाही. बदल झाला तो लष्करी राजवटी गेल्यानंतर. १९८५ पासून दोन्ही अध्यक्षांनी बोलणी सुरू केली, एकमेकांच्या गुप्त अणुकेंद्रांना भेटी दिल्या आणि १९९१ मध्ये परस्परांचे अणुसाहित्य मोजणारी संयुक्त संस्था काढली. इजिप्त आणि इस्राएल यांच्यात १९७९ चा तह टिकला तो सिनाईतले सैन्याचे पट्टे, निरीक्षक दल आणि दोघांना मिळणारी अमेरिकेची मदत यांच्या बळावर. ते कधीही एका युतीत नव्हते.

आता मूळ प्रश्नाचे थेट उत्तर. आग्नेय आशियात नाटोसारखी रचना मला शक्य वाटत नाही. चीनबद्दल फिलिपिन्सला जे वाटते ते कंबोडियाला वाटत नाही, आणि थायलंड-कंबोडिया सीमेवर तर २०२५ मध्येही तोफा धडाडल्या. तिथे छोट्या, मर्यादित व्यवस्था अधिक उपयोगी पडतात. १९७१ ची पाच देशांची व्यवस्था पाहा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया आणि सिंगापूर यांनी हल्ला झाल्यास फक्त सल्लामसलत करायची, इतकेच तिचे बंधन. पण १९६५ मध्ये कटुतेने वेगळे झालेले मलेशिया आणि सिंगापूर तिच्यामुळे एका हवाई संरक्षण रचनेत सराव करतात.

पश्चिम आशियात आखाती सहकार्य परिषद १९८१ पासून आहे, तिचे संयुक्त दलही आहे. १९९० मध्ये ते कुवेत वाचवू शकले नाही, आणि २०१७ मध्ये तीन सदस्यांनी चौथ्याची, कतारची, साडेतीन वर्षे नाकेबंदी केली. कतारमध्ये तेव्हा अमेरिकेचा मोठा हवाई तळ होता आणि तुर्कस्तानचे सैनिकही आले होते. म्हणजे बाहेरचा रक्षक प्रत्येकाकडे होता. नव्हती ती सदस्यांना आपसांत बांधणारी व्यवस्था. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तानने एकावरचे आक्रमण दोघांवरचे मानण्याचा करार केला. त्याची चर्चा मुख्यतः अण्वस्त्रांभोवती फिरली. मी मात्र वेगळ्या गोष्टी शोधतो: दोघांचे शत्रू एकच आहेत का, संयुक्त मुख्यालय होणार का, एकाला दुसऱ्याच्या युद्धात ‘नाही’ म्हणायची सोय कुठे आहे, आणि या करारामुळे कुणाचा कुणाशी असलेला एखादा जुना तंटा मिटला का. जाहीर निवेदनात यांतल्या एकाही गोष्टीचे उत्तर नाही.